व्हॅक्यूमची सुई वर गेली म्हणजे टायमिंग बसलं असं नाही

ॲम्बॅसेडर किंवा पद्मिनीसारख्या जुन्या गाडीची ओढ कमी झाली, चढावर दम लागायला लागला, की पहिला हात कार्ब्युरेटरला जातो. जेट फुंकले जातात, फ्लोट बघितला जातो, मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फिरवला जातो आणि गाडी आहे तिथेच राहते. कारण पुष्कळदा दोष पेट्रोलचा नसून करंट कधी पडतो याचा असतो. प्रत्येक सिलिंडरला ठिणगीचा करंट वाटणारा भाग म्हणजे डिस्ट्रिब्युटर. त्यातल्या पॉइंटची, म्हणजे करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचची, फायबरची टाच कॅमवर घासून झिजते, फट कमी होते आणि टायमिंग महिन्या-महिन्याने थोडं थोडं मागे सरकतं. एका दिवसात घडत नाही, म्हणून चालवणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

दुसरं टोकही तितकंच वाईट. मॅनिफोल्डला, म्हणजे कार्ब्युरेटरकडून सिलिंडरकडे मिश्रण नेणाऱ्या नळीला, व्हॅक्यूम गेज लावायचा, डिस्ट्रिब्युटर फिरवत सुई सगळ्यात वर जाईल तिथे आवळायचा, फार तर एक इंच खाली आणायचा आणि झालं म्हणायचं. ही पद्धत अजून बरेच जण सांगतात. आयडलला गाडी लोण्यासारखी चालते, घाटात मात्र खडखडते. याचं कारण समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं आहे.

ॲडव्हान्सचे तीन भाग

टीडीसी म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतानाची जागा. ठिणगी त्याच्या आधी पडावी लागते, कारण मिश्रण पेटून दाब चढायला वेळ लागतो. किती आधी, म्हणजे ॲडव्हान्स किती, हे तीन गोष्टी मिळून ठरवतात. पहिला, बॉडी फिरवून आपण लावतो तो स्थिर ॲडव्हान्स. दुसरा, डिस्ट्रिब्युटरच्या आतली वजनं वेगाबरोबर बाहेर फेकली जाऊन मिळणारा केंद्रोत्सारी ॲडव्हान्स. तिसरा, बाजूच्या डब्यातला पडदा ओढला जाऊन मिळणारा व्हॅक्यूम ॲडव्हान्स.

डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून त्याच्यावरचा १ अंश म्हणजे क्रँकवर २ अंश. हा घोळ फार होतो. लुकास कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये वजनांखालच्या प्लेटवर एक आकडा ठोकलेला असतो. समजा १२ आहे, तर वजनं क्रँकवर जास्तीत जास्त २४ अंश देतील. व्हॅक्यूमच्या डब्यावर तीन आकडे असतात. उदाहरणार्थ ५-१७-८ असेल, तर ५ इंच पाऱ्याच्या व्हॅक्यूमला पडदा हलायला लागतो, १७ इंचांना पूर्ण ओढला जातो आणि तेव्हा डिस्ट्रिब्युटरवर ८, म्हणजे क्रँकवर १६ अंश मिळतात. डबा बदलताना दुकानदार ‘सगळे सारखेच’ म्हणाला तर हे आकडे त्याला दाखवा.

आता बेरीज करा. समजा स्थिर ८ लावला, तर तो आणि वजनांचे २४ मिळून ३२. थ्रॉटल पूर्ण उघडून ३,५०० आरपीएमला इंजिनाला हाच ॲडव्हान्स मिळतो, कारण थ्रॉटल पूर्ण उघडला की मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम जवळजवळ शून्य असतो. सपाट रस्त्यावर तेवढ्याच आरपीएमला हलका पाय ठेवून चाललं की त्यात व्हॅक्यूमचे १६ मिळून ४८ होतात. आकडा मोठा वाटतो, पण हलक्या लोडला सिलिंडरमध्ये मिश्रण कमी आणि विरळ असतं, ते सावकाश जळतं, त्याला लवकर पेटवावंच लागतं.

आयडलला तर आणखी विरळ. थ्रॉटल जवळजवळ बंद, ताजं मिश्रण थोडं, त्यात मागच्या फेरीचा जळका वायू मिसळलेला. अशा मिश्रणाला २५ अंशही आवडतात. ॲडव्हान्स वाढवला की तेवढ्याच मिश्रणातून जास्त ताकद निघते, आरपीएम चढतात, सुई वर जाते. म्हणजे सुई जे सांगते ते आयडलपुरतं खरं असतं. तिच्या भरवशावर स्थिर टायमिंग २२ वर गेलं, तर पूर्ण लोडला २२ अधिक २४, म्हणजे ४६ अंश. तिथे मिश्रण घट्ट भरलेलं आहे, लवकर जळणारं आहे. परिणाम म्हणजे पिंगिंग, लोडखाली येणारा तो खडखडाट. सुरुवातीला फक्त आवाज, नंतर रिंगांमधला पिस्टनचा काठ तुटणं किंवा हेड गॅस्केट जाणं.

म्हणून टायमिंग वरच्या टोकाकडून लावायचं. पूर्ण लोडचा आकडा आधी ठरवायचा आणि आयडलला जो येईल तो येऊ द्यायचा. व्हॅक्यूम गेज हवाच, पण दोष शोधायला आणि मिश्रण लावायला.

टायमिंगला हात लावण्याआधी

व्हॉल्व्हची फट मॅन्युअलप्रमाणे, प्लग स्वच्छ आणि त्यांची फट ०.६ मिमीच्या आसपास, एअर फिल्टर साफ. यावर जास्त लिहीत नाही. पॉइंटवर मात्र थांबायला हवं.

लुकासच्या चार सिलिंडरच्या डिस्ट्रिब्युटरला पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिमी ठेवतात. इंजिन हाताने फिरवून पॉइंटची टाच कॅमच्या उंचवट्याच्या अगदी टोकावर आणा आणि मग फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीची पट्टी, घाला. टोकाच्या जरा अलीकडे-पलीकडे मोजलं की फट चुकते. जुन्या पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकाड झालेलं असतं. त्यात गेजची सपाट पट्टी टेकाडावर टेकते आणि खरी फट गेज दाखवतो त्यापेक्षा मोठी असते. असे पॉइंट पॉलिश पेपरने घासण्यापेक्षा बदललेले बरे. सोबत कंडेन्सरही तपासा, कारण पॉइंट लवकर जळण्यामागे पुष्कळदा तोच असतो. कॅमला तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस लावा. जास्त लावलं तर उडून पॉइंटवर जातं आणि मिसिंग सुरू होतं.

ड्वेल मीटर असेल तर उत्तमच. ड्वेल म्हणजे कॅम फिरताना पॉइंट किती अंश बंद राहतात. जुन्या २५डी जातीच्या लुकासला तो ६० अंशांच्या आसपास हवा, ३ इकडे-तिकडे चालतात. ड्वेल १ अंशाने वाढला की टायमिंग क्रँकवर साधारण १ अंशाने मागे जातं. म्हणून क्रम ठरलेला: आधी पॉइंट, मग टायमिंग. उलट केलंत तर टायमिंग पुन्हा लावावं लागणार.

ड्वेल मीटर आणखी एक गोष्ट सांगतो. आयडलचा ड्वेल आणि २,००० आरपीएमचा ड्वेल यांत ३ अंशांहून जास्त फरक असेल, तर डिस्ट्रिब्युटरचा बुश झिजला आहे. शाफ्ट बोटांनी आडवा हलवून पाहा, जाणवण्याइतका हलला तर बुश बदला. या अवस्थेत टायमिंग लाइटखाली (ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याखाली) पुलीवरची खूण एका जागी ठरत नाही, नाचते. इलेक्ट्रॉनिक किट बसवून हे लपतं थोडंफार, बरं होत नाही.

टीडीसीची खूण खरी आहे का?

जुन्या गाडीत पुली कधीतरी बदललेली असते, टायमिंग कव्हर दुसऱ्याच इंजिनाचं असतं. पुलीला मधे रबराची रिंग असेल तर बाहेरचा भाग सरकलेला असू शकतो. खूणच चुकीची असेल तर पुढचं सगळं काम वाया.

तपासायला एक जुना प्लग घ्या, त्यातलं चिनी मातीचं नळकांडं फोडून काढा आणि आत गोल टोकाचा बोल्ट पक्का बसवा. हा झाला पिस्टन अडवणारा ठोकळा. चारही प्लग काढा, हा पहिल्या सिलिंडरमध्ये घाला. इंजिन हाताने हळू फिरवा, पिस्टन अडला की कव्हरवरच्या टोकासमोर पुलीवर खूण करा. मग उलट दिशेने फिरवून पुन्हा अडेपर्यंत आणा, दुसरी खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मधे खरी टीडीसी. स्टार्टर अजिबात मारायचा नाही, पिस्टनला भोक पडेल. आणि इंजिन फिरवायला हँडल वापरत असाल तर एरवीही अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीभोवती गुंडाळू नका. टायमिंग जास्त पुढे असलेलं इंजिन उलटा फटका देतं आणि अंगठा मोडतो.

ॲम्बॅसेडरच्या १,४८९ सीसी इंजिनासारख्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) कुळातल्या इंजिनांत टायमिंग कव्हरवर छोटी टोकं असतात. त्यातलं लांब टोक टीडीसीचं, बाकीची ५-५ अंशांवर. पण ३२ अंश कसे बघायचे? पुलीवर पट्टी चिकटवायची. पुलीचा व्यास मोजा, ३.१४ ने गुणा, ३६० ने भागा. १४० मिमी व्यासाच्या पुलीवर १ अंश म्हणजे १.२२ मिमी येतो. १० अंश १२.२ मिमीवर, ३० अंश ३६.७ मिमीवर. कागदी मास्किंग टेपवर पेनने रेघा मारा आणि वरून पारदर्शक टेप लावा, नाहीतर तेलाने जाईल. रेघा कोणत्या बाजूला? इंजिन समोरून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतं. टीडीसीच्या आधी टोकासमोर येणाऱ्या रेघा म्हणजे पुलीवरच्या टीडीसीच्या खाचेच्या पुढच्या, फिरण्याच्या दिशेकडच्या. उलट्या बाजूला काढल्यात तर ॲडव्हान्सऐवजी रिटार्ड, म्हणजे टीडीसीनंतरचे अंश, वाचत बसाल.

स्थिर टायमिंग, साध्या बल्बने

पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणा. प्लगच्या भोकावर बोट धरलं की हवा ढकलते तेव्हा. रोटरचं तोंड कॅपवरच्या एक नंबरच्या वायरकडे असलं पाहिजे. नसेल, चौथ्याकडे असेल, तर इंजिन अजून एक फेरी फिरवा. या गाड्यांचा फायरिंग क्रम १-३-४-२, ॲम्बॅसेडरचाही आणि पद्मिनीचाही.

खूण जागेवर आणताना इंजिन नेहमी चालण्याच्या दिशेनेच फिरवा. खूण ओलांडली तर थोडं मागे जाऊन पुन्हा पुढे या, नाहीतर चेनचा आणि गिअरचा ढिलेपणा टायमिंगमध्ये मोजला जातो. आता १२ व्होल्टचा छोटा बल्ब कॉइलवरून डिस्ट्रिब्युटरकडे येणाऱ्या टोकाला आणि बॉडीला जोडा. इग्निशन चालू करा. पॉइंट बंद असताना बल्ब विझलेला, उघडले की पेटतो. डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प सैल करून बॉडी इतकी फिरवा की बल्ब नेमका पेटेल, तिथे आवळा. काम झालं की इग्निशन लगेच बंद, पॉइंट मिटलेले असताना कॉइल तापत राहते.

रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच्या विरुद्ध बॉडी फिरवली की टायमिंग पुढे जातं. बीएमसी कुळात रोटर वरून पाहता घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून बॉडी घड्याळाच्या दिशेने म्हणजे ॲडव्हान्स. दुसऱ्या गाडीत कॅप काढून, इंजिन थोडं फिरवून दिशा डोळ्याने बघा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. काही लुकास डिस्ट्रिब्युटरना बाजूला दातेरी चाक असतं, त्यावर ॲडव्हान्स-रिटार्डची खूण. अर्धा अंश हलवायला हेच चाक बरं, क्लॅम्प सोडून अर्धा अंश हाताने साधत नाही.

टायमिंग लाइट

इंजिन गरम करा. व्हॅक्यूमची नळी डब्यावरून काढा आणि नळीचं टोक बंद करा. बंद नाही केलं तर तिथून हवा शिरून आयडल चढेल. आयडल ६०० ते ७०० आरपीएमवर आणा. वजनं हलायला लागली तर वाचन फसवं येतं. मग लाइट मारा, स्थिर आकडा वाचा.

इथे एक सापळा आहे. टायमिंग पुढे घेतलं की आयडल चढतं. चढलेलं आयडल वजनांना थोडं उघडतं आणि लाइट आणखी जास्त ॲडव्हान्स दाखवतो. दर वेळी थ्रॉटलचा स्क्रू कमी करून आयडल जागेवर आणा आणि मगच वाचा.

आता सावकाश आरपीएम वाढवा. खूण सरळ, एकसारखी सरकत गेली पाहिजे. ३,००० ते ३,५०० च्या आसपास ती थांबते. थांबली तो आकडा एकूण ॲडव्हान्स. या जातीच्या लांब स्ट्रोकच्या, जुन्या इंजिनांना साधारण २८ ते ३२ पुरतात. मॅन्युअलमध्ये दुसरा आकडा असेल तर तो धरा. एकूण ३२ बसवल्यावर आयडलला ८ येत असतील तर वजनांचा भाग निरोगी. १६ येत असतील तर वजनं पूर्ण उघडतच नाहीत, वाळलेल्या ग्रीसने अडकली आहेत. खूण एकदम उडी मारून पुढे गेली, किंवा वेग कमी केल्यावर परत आलीच नाही, तर स्प्रिंग ताणल्या किंवा तुटल्या आहेत.

लुकासमध्ये दोन स्प्रिंग मुद्दाम वेगळ्या असतात. एक पातळ, सुरुवातीपासून ताणलेली. दुसरी जाड, तिच्या टोकाच्या लांब कडीत मोकळी जागा. आधी फक्त पातळ स्प्रिंग काम करते आणि ॲडव्हान्स भरभर वाढतो, कडीतली मोकळी जागा संपली की जाड स्प्रिंग लागू होते आणि चढ मंदावतो. ‘जाड स्प्रिंग ढिली आहे’ म्हणून तिची कडी पकडीने दाबून घट्ट करणारे हात पाहिले की वाईट वाटतं. दोन्ही पातळ स्प्रिंग घालणं त्याहून वाईट, १,५०० आरपीएमलाच सगळा ॲडव्हान्स येऊन बसतो.

व्हॅक्यूमची नळी नेमकी कुठून येते

नळी डब्यावरून काढून तिला गेज लावा आणि इंजिन आयडलवर ठेवा. शून्य किंवा जेमतेम एक-दोन इंच आले तर नळी पोर्टवरून आहे, म्हणजे थ्रॉटलच्या पाकळीच्या काठाच्या जरा वरच्या भोकातून. थ्रॉटल थोडा उघडला की ते भोक पाकळीखाली येतं आणि व्हॅक्यूम मिळतो. १५ च्या वर आले तर नळी थेट मॅनिफोल्डवरून आहे.

यावर इंटरनेटवर बरीच भांडणं आहेत आणि त्यातली बहुतेक मोठ्या अमेरिकन व्ही-८ इंजिनांवरून आली आहेत. मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम दिला की आयडलला ॲडव्हान्स वाढतो, इंजिन गार राहतं, हे खरं आहे. पण त्याला एक अट आहे: आयडलचा व्हॅक्यूम डबा पूर्ण ओढायला लागतो त्यापेक्षा निदान २ इंच जास्त हवा. ५-१७-८ चा डबा आणि आयडलला १६ इंच अशी जोडी असेल, तर पडदा अर्धवट जागेवर तरंगतो. आयडल जरा पडलं की व्हॅक्यूम कमी, ॲडव्हान्स कमी, आयडल आणखी पडतं. गाडी सिग्नलला वर-खाली होत राहते. पोर्ट म्हणजे प्रदूषणाच्या नियमांसाठी नंतर काढलेली युक्ती, हेही खरं नाही. त्या नियमांच्या कितीतरी आधीच्या ब्रिटिश कार्ब्युरेटरांत ते भोक आहे. ॲम्बॅसेडर-पद्मिनीच्या वर्गात कार्ब्युरेटरवर पोर्ट दिलेला असेल तर तोच वापरा.

पोर्टवर असूनही आयडलला ५-६ इंच दिसतात? थ्रॉटलचा स्क्रू जास्त आत आहे, पाकळी भोकाच्या पलीकडे उघडून बसली आहे. कारण बहुधा मागे गेलेलं स्थिर टायमिंग. आयडल टिकेना म्हणून कोणीतरी थ्रॉटल उघडून ठेवला.

डबा तपासायला यंत्र लागत नाही. कॅप काढा, नळीतून तोंडाने ओढा, आतली प्लेट हलली पाहिजे. ओढून धरून जिभेने टोक बंद करा, प्लेट तिथेच राहिली तर पडदा शाबूत. हळूहळू परत आली तर फाटला आहे. फाटलेल्या पडद्याने पूर्ण लोडची ताकद जात नाही, म्हणून दोष वर्षानुवर्षं लपून राहतो. मायलेज मात्र पडतं, आणि तिथून हवा शिरून मिश्रण पातळ होतं. याच वेळी प्लेटला अर्थिंग देणारी गुंफलेली बारीक वायर बघा. प्लेट हलून हलून ती आतून तुटते आणि पाय हलका ठेवला की मिसिंग, जोरात दाबला की ठीक, असा चक्रावणारा प्रकार होतो.

गेज काय सांगतो

गेज मॅनिफोल्डवर लावा, पोर्टवर नको. ब्रेक सर्व्होची नळी असेल तिथे टी जोडा, नाहीतर मॅनिफोल्डवरचा बंद बोल्ट काढून तिथे.

निरोगी इंजिन गरम आयडलला समुद्रसपाटीवर १७ ते २१ इंच स्थिर दाखवतं. उंचीचा हिशोब विसरू नका. दर हजार फुटांना, म्हणजे ३०० मीटरना, साधारण १ इंच कमी. मुंबईत १९ दाखवणारी गाडी पुण्यात १७ च्या आसपास आणि महाबळेश्वरला साडेचौदाच्या आसपास दाखवेल, तिच्यात काहीही बिघडलेलं नसताना.

सुई स्थिर, पण नेहमीपेक्षा दोन-तीन इंच खाली: टायमिंग मागे आहे, लाइट मारा. स्थिर पण फारच खाली, आठ-दहा इंचांवर: हवा आत शिरते आहे किंवा टायमिंग चेन एक दात चुकली आहे. ठरावीक तालात एक-दोन इंचांचा झटका: एक सिलिंडर काम करत नाही, प्लग किंवा जळका व्हॉल्व्ह. तालात पण मोठा, आठ-दहा इंचांचा झटका: शेजारच्या दोन सिलिंडरमधलं हेड गॅस्केट. आयडलला भरभर थरथर आणि वेग वाढवला की शांत: व्हॉल्व्ह गाइड झिजले. उलट, वेगाबरोबर थरथर वाढली: व्हॉल्व्ह स्प्रिंग. सावकाश चार-पाच इंच तरंगणारी सुई बहुधा मिश्रणाची तक्रार करते. थ्रॉटल झटकन उघडून सोडा: सुई जवळजवळ शून्यावर पडून २४-२५ पर्यंत उसळली आणि मग स्थिरावली तर रिंगा चांगल्या. वेग वाढवून धरल्यावर सुई हळूहळू पडतच गेली तर सायलेन्सर तुंबला आहे.

हवा शिरण्याची आवडती जागा म्हणजे कार्ब्युरेटरच्या थ्रॉटलचा दांडा. तो आणि त्याचं भोक झिजलं की कितीही मिश्रण लावा, आयडल ठरत नाही. गॅस्केट आणि दांड्याच्या टोकांवर ब्रशने इंजिन ऑइल लावा. क्षणभर सुई चढली तर गळती तिथेच. कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा मारून हे शोधता येतं, पण गरम एक्झॉस्ट अगदी खाली असतो आणि तो फवारा पेटतो.

गळती आणि टायमिंग दोन्ही निकालात निघाल्यावरच मिश्रण. स्क्रू आत घेत जा, सुई पडायला लागेल. बाहेर घेत जा, चढून पुन्हा पडायला लागेल. दोन्हींच्या मधे जिथे सगळ्यात वर तिथे ठेवा, आयडल खाली आणा आणि पुन्हा एकदा हेच करा. दुसऱ्यांदा केल्याशिवाय बसत नाही.

ई-२० पेट्रोल आणि सीएनजी

इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. साध्या पेट्रोलचं हवेशी प्रमाण १४.७ ला १, ई-२० चं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं, साडेतेराच्या आसपास. म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण साधारण ८ टक्के पातळ पडतं. पातळ मिश्रण सावकाश जळतं, इंजिन गरम होतं, हलक्या पायावर धक्के देतं. याला टायमिंग पुढे घेणं हे उत्तर नव्हे. जेटचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गात वाढतं, म्हणून ८ टक्क्यांसाठी व्यास ४ टक्के वाढवावा लागतो: १२५ चा मेन जेट असेल तर १३०. आधी प्लगचा रंग बघा. काळा असेल तर गाडी आधीच घट्ट मिश्रणावर चालत होती, जेटला हात लावू नका. व्हॅक्यूमची रबरी नळी आणि पंपाचा पडदा मात्र वरचेवर बघा, जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही.

पद्मिनी विकत घेताना ती कधी सीएनजीवर होती का ते विचारा. मुंबईत टॅक्स्यांबरोबर खासगी गाड्यांनाही किट लागले होते. सीएनजी पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो आणि सहज पिंगिंग करत नाही, म्हणून मेकॅनिक टायमिंग बरंच पुढे ठेवायचे. किट काढलं तरी टायमिंग तिथेच राहिलेलं असतं.

रस्त्यावर

शेवटचा निकाल चढावर. गाडी पूर्ण गरम, टाकीत नेहमीचं पेट्रोल, आत दोन-तीन माणसं. टॉप गिअरमध्ये ४० वरून ७० पर्यंत पाय पूर्ण दाबून. पिंगिंगचा आवाज पत्र्याच्या डब्यात शेंगदाणे हलवल्यासारखा, टॅपेटसारखा एकसारखा नाही. तो लोड आला की येतो आणि पाय सोडला की जातो.

कमी वेगाला, पूर्ण थ्रॉटलला आला तर स्थिर ॲडव्हान्स जास्त आहे किंवा स्प्रिंग ढिल्या आहेत. जास्त वेगाला, पूर्ण थ्रॉटलला आला तर एकूण ॲडव्हान्स जास्त. हलक्या पायावर, सपाट रस्त्यावर आला आणि पूर्ण दाबल्यावर गेला, तर व्हॅक्यूमचा डबा चुकीच्या आकड्यांचा आहे. नळी काढून, टोक बंद करून पुन्हा चालवा, आवाज गेला की खात्री. दर वेळी २ अंश मागे घ्या, एकदम ५ नाही.

चाचणी उंचावर करू नका. महाबळेश्वरला हवा विरळ, सिलिंडर कमी भरतो, तिथे पिंगिंग न करणारी गाडी खाली मुंबईत करेल. खोपोलीकडून जुन्या रस्त्याने बोरघाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये आवाज आला नाही, तर टायमिंग ठीक. गरम इंजिन बंद करून लगेच स्टार्टर मारा. अडखळत, धक्के देत फिरला तर स्थिर ॲडव्हान्स अजून जास्तच आहे, लाइट काहीही म्हणो.

सगळं बसलं की क्लॅम्प आवळून डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवरून ब्लॉकपर्यंत पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढा. नवीन पॉइंट घातले असतील तर ५०० किलोमीटरनंतर फट पुन्हा मोजा. टाच पहिल्या काही दिवसांत सगळ्यात जास्त झिजते, आणि ०.४० ची ०.३२ झालेली असते.